आधी पूर्वसंमती, मग बिल : शेती अनुदानावर वाचकांचे प्रश्न

अनुदानाबद्दल आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत तक्रारी दोनच असतात. पैसे आलेच नाहीत, किंवा आले ते सांगितल्यापेक्षा कमी आले. खरोखर अपात्र म्हणून अडलेले लोक त्यात थोडे. बहुतेक ठिकाणी माणूस पात्र असतो, पण कामाचा क्रम चुकतो, नाहीतर सातबारा, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. या अंकात घेतलेले प्रश्न याच खिंडीत सापडलेले आहेत.

प्रश्न : साडेतीन एकर जमीन आहे. टोमॅटोसाठी ठिबक करायचे आहे. दुकानदार म्हणतो, ८० टक्के अनुदान आहे, तुम्ही संच आत्ता टाकून घ्या, अर्ज मागून करू, नाहीतर लागण हुकेल. टाकावा का? आणि ८० टक्के म्हणजे हातात नेमके किती?
– वाचक, ता. सिन्नर, जि. नाशिक

आधी टाकू नका. पूर्वसंमती म्हणजे खरेदीआधी मिळणारी शासनाची मंजुरी; तिच्या तारखेआधीचे बिल असेल तर प्रकरण तिथेच संपते. लागणीची घाई खरी असेल तर यंदाचा संच अनुदानाविना टाकायचा की हंगाम सोडायचा, हा हिशेब उघड्या डोळ्यांनी करा. ‘मागून तारीख बसवून देतो’ या बोलीवर विसंबू नका. बिलाची तारीख, वस्तू व सेवा कराची नोंद आणि पूर्वसंमतीची तारीख या तिन्ही संगणकावर समोरासमोर येतात, आणि अडकतो तो शेतकरी, दुकानदार नव्हे.

क्रम असा. पहिल्यांदा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रिस्टॅकचा फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. क्रमांक निघाला तरी तुमचे सगळे गट त्यात आले आहेत का ते पाहा. दोन गावांत जमीन असलेल्यांचा एखादा गट राहून जातो, आणि ठिबक नेमके त्याच गटात करायचे असते. मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या अनुदान संकेतस्थळावर, अर्ज. २०२५-२६ पासून सोडत बंद होऊन ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ सुरू झाल्याने अर्जाच्या तारखेला आता खरी किंमत आली आहे. पीक ठरायची वाट न पाहता अर्ज करून ठेवा. निवड झाल्याचा संदेश आला की सातबारा, आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि संचाचे दरपत्रक अपलोड करायचे. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का, हे आधीच बघून ठेवा. विहीर भावाच्या गटात असेल तर त्याचे पाणी वापरण्याचे संमतीपत्र लागते. हे सगळे तपासून पूर्वसंमती मिळते, तिच्यात खरेदीची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत खरेदी, बिल अपलोड, मग शेतावर येऊन मोका तपासणी, आणि शेवटी पैसे तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात.

आता ८० टक्क्यांचे. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक. म्हणून दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला ८० आणि त्यावरच्याला ७५. तुमची साडेतीन एकर म्हणजे सुमारे १.४ हेक्टर, तेव्हा तुम्ही ८० टक्क्यांत बसता. मात्र आठ-अ वरच्या सगळ्या गटांची बेरीज धरली जाते, हे लक्षात ठेवा.

हे टक्के तुमच्या बिलाचे नसतात, शासनाने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चाचे असतात. समजा तुमच्या क्षेत्राला आणि अंतराला मापदंड खर्च १,००,००० रुपये निघाला आणि दुकानदाराचे बिल १,३०,००० चे आहे. अनुदान ८०,०००. तुमच्या खिशातून ५०,०००, म्हणजे बिलाचे ३८ टक्के. ‘फक्त वीस टक्के भरा’ म्हणणारा हा फरक सांगत नाही.

मापदंड ठरतो तो दोन लॅटरलमधल्या, म्हणजे ओळीने अंथरायच्या नळ्यांमधल्या, अंतरावर, आणि गडबड होते ती इथेच. एका हेक्टरला १.२ मीटर अंतराने सुमारे ८,३०० मीटर नळी लागते, १.५ मीटरने सुमारे ६,७००. अंतर कमी दाखवले की मापदंड वाढतो, म्हणून कागदावर १.२ आणि शेतात १.५ असा प्रकार चालतो. तपासणीला आलेला माणूस टेप लावतो. दोन ओळी मोजल्या की हेक्टरी सोळाशे मीटरचा फरक उघडा पडतो. तुमचे टोमॅटोचे बेड दीड मीटरवर असतील तर दरपत्रकही दीड मीटरचेच घ्या.

माल उतरवून घेताना नळीवरची छपाई वाचा. लॅटरलवर आयएस १२७८६, इनलाइन ड्रिपर असलेल्या नळीवर आयएस १३४८८ आणि सुट्या ड्रिपरला आयएस १३४८७, सोबत आयएसआय चिन्ह आणि सीएमएल परवाना क्रमांक. बिलात लिहिलेला फिल्टर, व्हेंच्युरी, फ्लश व्हॉल्व्ह आणि एण्ड कॅपसुद्धा जागेवर असायला हवेत. फिल्टर एका क्षमतेचा लिहून दुसराच बसवल्याने अडलेली प्रकरणे नेहमीची आहेत. तपासणी होईपर्यंत नळ्या गुंडाळून ठेवू नका. अक्षांश-रेखांशासह फोटो काढला जातो, त्यात संच पसरलेला दिसला पाहिजे.

दुकानदार अनुदानाच्या रकमेपोटी सही केलेला कोरा चेक मागत असेल तर देऊ नका. उधारी ठेवायचीच असेल तर रक्कम आणि मुदत लिहून घ्या. पूर्वसंमती ही पैसे येण्याची तारीख नव्हे. तपासणी होऊनही निधीअभावी महिनोन्महिने थांबावे लागते. आणि एकदा लाभ घेतला की त्याच क्षेत्रावर सात वर्षे पुन्हा ठिबकचे अनुदान नाही. स्वस्तातली नळी घेताना एवढे ध्यानात असू द्या.

प्रश्न : पीएम किसानचे पैसे दोन हप्त्यांपासून खात्यात दिसत नाहीत. बँकेत आधार जोडलेले आहे, ई-केवायसी झाली आहे. कृषी कार्यालय म्हणते पैसे गेले, बँक म्हणते आले नाहीत.
– वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड

दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता जास्त आहे. पैसे गेलेत, पण दुसऱ्या बँकेत.

खात्याला आधार क्रमांक जोडणे वेगळे आणि थेट लाभासाठी आधार सीडिंग वेगळे. सीडिंगची, म्हणजे लाभ कोणत्या बँकेत जायचा याची, नोंद बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे असते आणि ती एका वेळी एकाच बँकेची असते. मधल्या काळात तुम्ही पोस्ट पेमेंट्स बँकेत किंवा दुसरीकडे खाते उघडले असेल आणि तिथल्या फॉर्मवर ‘अनुदान या खात्यात घ्यायचे’ या चौकटीत टिक केली असेल, तर नोंद तिकडे सरकते. जुन्या बँकेला त्याचा पत्ताही नसतो.

तपासायला दोन मिनिटे लागतात. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करून आधार क्रमांक टाका, किंवा आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा. तिथे ज्या बँकेचे नाव येईल तिचे पासबुक भरून आणा. पैसे जुन्याच बँकेत हवे असतील तर तिथे आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. नुसती आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही.

बँक बरोबर निघाली तर पीएम किसानच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती पाहा. ई-केवायसी, लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी) आणि आधार बँक सीडिंग या तिन्हींपुढे ‘येस’ हवे. लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर ते काम बँकेचे नाही. सातबारा आणि आठ-अ घेऊन तालुक्याला जावे लागते. नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपयेही पीएम किसानच्याच पात्र यादीवरून दिले जातात, त्यामुळे इकडे अडले की तिकडेही अडते.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या नावावर पीएम किसानचा हप्ता यायचा. आम्ही दोघे भाऊ, दोघांची लग्ने झालेली. हप्ता आमच्यापैकी कोणाला मिळेल? माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.
– वाचक, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर

वडिलांचा हप्ता कोणाकडे ‘वर्ग’ होत नाही. तो बंद करायचा आणि वारसाने नवी नोंदणी करायची. मृत्यूनंतर खात्यात आलेले हप्ते परत मागितले जातात, तेव्हा मृत्यूचा दाखला घेऊन तालुक्याला लवकर कळवा.

नवी नोंदणी सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय होत नाही. वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. अर्जानंतर फेरफार निघतो, नोटीस लागते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बहिणींची नावेही वारसांत येतात; ती वगळून केलेला अर्ज पुढे अडतो आणि घरात भांडणही लावतो.

या योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असावी लागते. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेली चालत नाही. वारसाने आलेल्या जमिनीला ही अट नडत नाही. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले, म्हणून तुम्ही दोघे भाऊ दोन स्वतंत्र कुटुंबे ठरता.

मात्र तुमचे स्वतःचे जमणार नाही. कुटुंबातला एक सदस्य सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नोकरीत असला, चतुर्थ श्रेणी सोडून, की सारे कुटुंब अपात्र. महिना १०,००० किंवा अधिक निवृत्तिवेतन आणि मागच्या आकारणी वर्षात भरलेला प्राप्तिकर यांनाही हाच नियम. भावाने अर्ज करावा. तुम्ही केलात आणि पैसे आलेच, तर ती वसुलीची नोटीस उशिराने आलेली समजा.

प्रश्न : ई-पीक पाहणी नाही केली तर काय बिघडते? शेतात कांदा आहे हे सगळ्या गावाला दिसते.
– वाचक, ता. देवळा, जि. नाशिक

गावाला दिसतो, सातबाऱ्याला दिसत नाही. ई-पीक पाहणी म्हणजे मोबाइल ॲपवरून आपले पीक आपणच सातबाऱ्यावर नोंदवणे. २०२३ मध्ये राज्याने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्यासाठी. बाजार समितीची पावती होती, कांदा विकला होता, पण सातबाऱ्यावर पीक म्हणून कांद्याची नोंद नव्हती, अशांची नाशिक पट्ट्यात त्या वर्षी दमछाक झाली. पुढे २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले. तिथेही आधार ई-पीक पाहणीचाच होता. मदत जाहीर होते हंगाम उलटल्यावर, आणि तेव्हा मागची पाहणी करता येत नाही.

नोंद बांधावर उभे राहूनच करा. घरून केली की ॲप गटापासूनचे अंतर दाखवून फोटो नाकारते. एकाच गटात कांदा आणि मका असेल तर क्षेत्र वाटून दोन नोंदी करा. ‘सगळा कांदा’ लिहिले आणि तपासणीत अर्धा मका निघाला तर पूर्ण नोंदच संशयात येते. उन्हाळ आणि रांगडा या कांद्यांची लागण वेगवेगळ्या वेळी होते, म्हणून हंगाम निवडताना घाई नको. सामाईक खात्यात प्रत्येकाने आपल्या नावापुढे, आपल्या हिश्श्यापुरतीच नोंद करावी. पहिल्या भावाने सगळे क्षेत्र भरून टाकले की दुसऱ्याला ॲप जागाच ठेवत नाही. नोंद झाल्यावर आठवड्याभराने गाव नमुना बारा (सातबाऱ्याचा पिकांचा भाग) उघडून पीक चढले का ते बघा. नेटवर्क नसताना केलेली नोंद फोनमध्येच राहून गेल्याचे नंतर कळते.

प्रश्न : ट्रॅक्टरला ५० टक्के अनुदान म्हणतात. सात लाखांचा ट्रॅक्टर साडेतीन लाखांत पडेल का?
– वाचक, ता. बार्शी, जि. सोलापूर

नाही. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारक यांना ५० टक्के किंवा १,२५,००० रुपये, यातले जे कमी ते. इतरांना ४० टक्के किंवा १,००,०००. सात लाखांवर सव्वा लाख म्हणजे १८ टक्केही नाहीत. तेवढ्यासाठी कर्जाचा हप्ता अंगावर घेण्याआधी वर्षाला किती तास ट्रॅक्टर चालेल ते मोजा. आमच्या मते कमी क्षेत्रावर भाड्याचा ट्रॅक्टर आणि स्वतःचे पेरणी यंत्र हे गणित जास्त जुळते. अवजारासाठी अर्ज करायचा तर कुटुंबातल्या कोणाच्या तरी नावाचे ट्रॅक्टरचे आरसी बुक लागते, हे मात्र आधी बघा. घेतलाच ट्रॅक्टर, तर बिल आणि आरटीओ नोंदणी दोन्ही पूर्वसंमतीनंतरच्या तारखेची आणि अर्जदाराच्याच नावाची हवी. मुलाच्या नावावर बिल करून वडिलांच्या नावाने अनुदान मिळत नाही.

प्रश्न : आमची ३० गुंठे वरकस जमीन आहे, काजू लावायचा आहे. रोजगार हमीचे जॉबकार्ड नाही. सातबाऱ्यावर सात नावे, त्यातली चार मुंबईला. फळबाग योजनेत बसू का?
– वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी

बसाल. रोजगार हमीतून ज्यांना फळबाग घेता येत नाही त्यांच्यासाठीच २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. कोकणात किमान क्षेत्र १० गुंठे आणि कमाल १० हेक्टर. इतर महाराष्ट्रात २० गुंठे ते ६ हेक्टर. तुमची खरी अडचण सात नावांची आहे. उरलेल्या सहा जणांचे संमतीपत्र लागेल. मुंबईकरांना गणपतीत गाठा, त्याच मुक्कामात सह्या आणि आधारच्या प्रती घ्या. कोणी वारलेले असेल तर आधी वारस नोंद; मेलेल्या माणसाच्या नावापुढे सही कोण करणार?

काजू कलमे ७ बाय ७ मीटरवर लावली तर ३० गुंठ्यांत ६१-६२ बसतात. कलमे शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपा. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती आपल्याकडे सरावाच्या. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात आणलेली रोपे जगतीलही, पण अनुदानाच्या हिशेबात धरली जात नाहीत.

पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात. पुढच्या दोन हप्त्यांसाठी झाडे जगलेली दिसावी लागतात: बागायतीत ९० टक्के, कोरडवाहूत ८०. तुमच्या ६२ पैकी ५० उभी हवीत. मेलेल्यांच्या जागी नांग्या स्वखर्चाने भरायच्या, आणि त्या पावसाच्या सुरुवातीलाच, तपासणीच्या आदल्या आठवड्यात नव्हे. जमीन तयार करणे, आंतरमशागत आणि कुंपण हा खर्च शेतकऱ्याचा असतो.

काजू मरतो तो बहुधा पहिल्या दोन उन्हाळ्यांत. कलमाच्या जोडाखालून फुटवा येतो, तो जोमाने वाढतो आणि वरची कलम सुकते. लांबून झाड हिरवे दिसते, तपासणीतही मोजले जाते, पण पुढे हाती येतो तो रायवळ काजू. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी हे फुटवे हाताने खुडा. कलम लावताना जोडाची प्लॅस्टिकची पट्टी काढली नाही तर खोड तिथेच आवळते आणि वाऱ्यात मोडते. दुसरे संकट वणव्याचे. डिसेंबर संपायच्या आत बांधाकडेने पाच-सहा हात रुंद पट्ट्यातले गवत काढा आणि प्रत्येक आळ्यातले वाळलेले गवत बाजूला करा. वणव्यात बाग गेली तर पंचनामा लगेच करून घ्या. कागद नसेल तर नोंदीत झाडे ‘जगवली नाहीत’ एवढेच उरते.

प्रश्न : खताचे अनुदान शेतकऱ्याला मिळते म्हणतात, आमच्या खात्यात तर कधी आले नाही. वर युरियासोबत दुकानदार दुसरी औषधे गळ्यात मारतो.
– वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ते खात्यात येतच नाही. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर तुमच्या अंगठ्याने विक्रीची नोंद झाली की अनुदान खत कंपनीला जाते. ४५ किलोची युरियाची गोणी तुम्हाला २६६ रुपये ५० पैशांना पडते, ती त्यामुळेच. म्हणून ई-पॉसची पावती मागाच. तुमच्या नावावर किती गोण्या चढल्या ते तिच्यावर असते. नेल्या चार आणि चढल्या दहा, असेही होते.

युरियासोबत दुसरा माल घेण्याची सक्ती, ज्याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात, करता येत नाही. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. दुकानाचे नाव, तारीख, वेळ आणि दोन्ही मालांची बिले जोडून. दुकानदार जोडमालाचे बिल टाळतो तो यासाठीच. बिल देत नसेल तर पैसे ऑनलाइन द्या, निदान रकमेचा पुरावा राहतो.

प्रश्न : मी सहा एकर ठोक्याने करतो, जमीन दुसऱ्याची. मला यातले काय मिळू शकते?
– वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

फार थोडे. पीएम किसान, नमो, ठिबक, फळबाग, पीक नुकसानीची मदत, सगळे सातबाऱ्यावरच्या नावाने जाते. राबणारा एक आणि लाभार्थी दुसरा, हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय आहे असे आमचे मत आहे. मालक लेखी करार करायला तयार नसतो, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती त्याच्या मनातून अजून गेलेली नाही.

पीकविमा तुम्हाला स्वतःच्या नावाने काढता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार अपलोड करावा लागतो. शंभराच्या बाँडवरचा साधा कागद चालत नाही. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत आहे. असा करार होणार नसेल आणि विमा मालकाच्याच नावाने राहणार असेल, तर ठोका ठरवतानाच दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या की विमा हप्ता कोण भरणार आणि विम्याची किंवा नुकसानीची रक्कम आली तर ती कोणाची. ठोक्याची रक्कम हंगामाआधी पूर्ण देऊ नका. निम्मी आधी आणि निम्मी पीक निघाल्यावर ठेवली, तर मालकाच्या खात्यात आलेली मदत शेवटच्या हप्त्यातून वळती करून घेता येते.